रात्रीच्या कबड्डीसाठी तीन फ्लॅश : नवोदित छायाचित्रकारांसाठी मार्गदर्शन

दिवाळी आटोपली की नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत रात्रीच्या कबड्डी स्पर्धांना सुरुवात होते. मैदानाच्या कोपऱ्यांवर बल्ल्या उभ्या राहतात, त्यांवर दिवे चढतात, मॅट अंथरली जाते किंवा माती पाणी मारून चोपली जाते, आणि आठच्या सुमारास पहिला सामना लागतो. प्रेक्षकांना पुरेसा वाटणारा हा प्रकाश कॅमेऱ्याला मात्र फार अपुरा पडतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १२८०० पर्यंत वाढवून काढलेल्या छायाचित्रांत दाणे दिसतात, दिवे थेट डोक्यावर असल्यामुळे खेळाडूंचे डोळे काळ्या खोबणींत हरवतात, आणि एवढे करूनही चढाईपटूचा पाय हललेलाच येतो. यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक फ्लॅश लावून तो पूर्ण शक्तीने उडवला, तर चेहरे पांढरेफटक होतात, मागचे मैदान अंधारात जाते आणि अंगाची गोलाई नाहीशी होते.

कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेले दोन किंवा तीन छोटे फ्लॅश, तेही अगदी कमी शक्तीवर, हा या अडचणीवरचा खात्रीचा मार्ग आहे. पुढील मार्गदर्शन कबड्डी समोर ठेवून लिहिले आहे, कारण तिचे मैदान लहान असते आणि नवशिक्याला ते हाताळता येते. व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉलसाठी अंतरे वाढतील, पण रीत हीच राहील.

आधी हे समजून घ्यावे : रात्री शटरचे काम फ्लॅश करतो

बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत वापरता येणारा सर्वांत वेगवान शटर सेकंदाचा १/२०० किंवा १/२५० भाग एवढाच असतो. याला सिंक स्पीड म्हणतात. त्याहून वेगवान शटर ठेवल्यास शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत आणि छायाचित्रात काळा पट्टा येतो. १/२५० सेकंदात धावता खेळाडू गोठत नाही हे खरे. पण आजूबाजूला अंधार असेल आणि खेळाडूवर पडणारा जवळजवळ सगळा प्रकाश फ्लॅशचाच असेल, तर शटर किती वेळ उघडे होते याला महत्त्व उरत नाही. फ्लॅश जितका वेळ चमकला, तितकाच वेळ खेळाडू कॅमेऱ्याला दिसला. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात फ्लॅशच्या अतिसूक्ष्म चमकांनी वेगवान हालचाली पकडल्या, त्यामागे हेच तत्त्व होते. आज ते आपल्या खिशाला परवडणाऱ्या फ्लॅशमध्ये आलेले आहे.

आता या चमकेची लांबी पाहावी. निकॉनच्या एसबी-९०० या फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण शक्तीवर १/८८० सेकंद, १/४ शक्तीवर १/२५५० सेकंद आणि १/१६ शक्तीवर १/१०००० सेकंद असे आकडे दिलेले आहेत. अशा छोट्या फ्लॅशमध्ये शक्ती कमी केली की चमक मंद होत नाही, ती आखूड होते. शिवाय पूर्ण शक्तीवर चमकेला एक लांब शेपूट असते आणि छापील आकड्यात ते पुरते धरलेले नसते. प्रत्यक्षात ती चमक छापील आकड्याच्या साधारण तिप्पट वेळ रेंगाळते. समजा, चढाईपटूचा पाय सेकंदाला १० मीटर वेगाने फिरतो आहे. १/१००० सेकंदात तो पाय एक सेंटीमीटर सरकेल आणि बोटांच्या कडा पुसट होतील. १/१०००० सेकंदात तो फक्त एक मिलिमीटर सरकेल आणि नखाला चिकटलेला मातीचा कणसुद्धा वेगळा दिसेल.

म्हणूनच एक फ्लॅश पूर्ण ताकदीने उडवण्यापेक्षा दोन फ्लॅश १/१६ वर ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. अनेक फ्लॅश लावायचे ते मुख्यतः जास्त उजेडासाठी, असा नवशिक्यांचा समज असतो. माझ्या मते त्यांचा खरा लाभ दुसराच आहे : प्रत्येकावरचा भार कमी होतो, त्यामुळे चमक आखूड राहते, आणि प्रकाश एकाऐवजी दोन-तीन दिशांनी येत असल्यामुळे शरीराला घडण मिळते.

फ्लॅशमधील हाय स्पीड सिंक ही सोय येथे वापरू नये. त्या पद्धतीत फ्लॅश एक आखूड चमक देण्याऐवजी पडदे सरकेपर्यंत सलग लुकलुकत राहतो. त्याची बरीच ताकद वाया जाते आणि चमकेच्या आखूडपणाचा जो फायदा आपल्याला हवा असतो, तोच निघून जातो.

साहित्य

हाताने शक्ती ठरवता येईल असे तीन फ्लॅश, कॅमेऱ्यावर बसणारा एक रेडिओ ट्रिगर, प्रत्येक फ्लॅशसाठी रिसीव्हर (अनेक नव्या फ्लॅशमध्ये तो आतच असतो), साडेतीन-चार मीटर उंच होणारे स्टँड आणि दोन मजबूत क्लॅम्प एवढ्यात काम भागते. फ्लॅश महागडे असण्याची गरज नाही. मॅन्युअल मोड चांगला चालला पाहिजे, एवढेच पाहावे. तिन्ही विकत घेण्याआधी एखाद्या ओळखीच्या लग्नाच्या छायाचित्रकाराकडे विचारून पाहावे. लग्नसराईच्या मुहूर्तांमधल्या मोकळ्या दिवसांत त्यांच्याकडचे फ्लॅश पडूनच असतात, आणि बहुतेक जण भाड्याने किंवा विश्वासावर देतात.

ट्रिगर रेडिओचाच घ्यावा. दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून उडणारी जी ऑप्टिकल सोय असते, ती बंद खोलीत चालते. मैदानावर मात्र दुसऱ्या कुणाचाही फ्लॅश उडाला की आपला फ्लॅशही उडतो. रेडिओ ट्रिगरमध्येही चॅनेल बदलून घेणे आवश्यक असते. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका स्पर्धेत माझे फ्लॅश मी बटण न दाबताही उडत होते. बक्षीस समारंभाचे छायाचित्रकार त्याच कंपनीचा ट्रिगर त्याच मूळच्या चॅनेलवर वापरत होते, हे माझ्या लक्षात येईपर्यंत माझ्या बॅटऱ्या अर्ध्याहून अधिक संपल्या होत्या आणि उपांत्य सामना तसाच हातचा गेला. तेव्हापासून मैदानावर पोहोचताच तेथे काम करणाऱ्या इतर छायाचित्रकारांना भेटून कोण कोणत्या चॅनेलवर आहे हे मी ठरवून घेतो.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला प्रत्येकी चार सेल लागतात. तीन फ्लॅशसाठी बारा आणि राखीव बारा, असे पुन्हा चार्ज होणारे चोवीस सेल सोबत ठेवावेत. चार-चारच्या संचांवर क्रमांक टाकून तेच संच नेहमी एकत्र वापरावेत; नवा-जुना सेल मिसळला की सगळा संच त्यातल्या सर्वांत कमजोर सेलच्या चालीने चालतो.

परवानगी

स्टँड उघडण्याआधी आयोजक, पंच आणि दोन्ही संघांचे प्रशिक्षक यांची परवानगी घ्यावी आणि फ्लॅश कोठे असतील हे त्यांना हाताने दाखवावे. चढाईपटूच्या दृष्टीच्या टप्प्यात दोन फ्लॅश येणार असतात. त्यामुळे सराव सुरू असताना दोन-तीन वेळा ते उडवून दाखवणे आणि त्रास होतो का, हे खेळाडूंनाच विचारणे ही साधी रीत आहे. कुणी नको म्हटले तर त्याच क्षणी फ्लॅश बंद करावेत, त्यात वाद घालू नये. बॅडमिंटनमध्ये आणि लेदर चेंडूच्या क्रिकेटमध्ये तर हा प्रयोग करूच नये, कारण तेथे डोळे क्षणभर दिपले तरी इजा होऊ शकते. नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमसारख्या, थेट प्रक्षेपणासाठी उजळलेल्या मैदानावर फ्लॅशची गरजही नसते. आपले क्षेत्र म्हणजे वस्तीतले, शाळेचे, मंडळाचे मैदान, जिथे दिवे कमी आणि खेळ अस्सल असतो.

फ्लॅश कोठे उभे करावेत

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि मध्यरेषेपासून ६.५ मीटरवर अंतरेषा. संपूर्ण मैदान उजळण्याचा हट्ट धरू नये. एकच अर्धे मैदान निवडावे आणि त्याच्या अंतरेषेमागे, कोपऱ्यात बसावे; अंतरेषेच्या बरोबर मागे बाद झालेले खेळाडू बसत असल्याने मधली जागा तशीही मिळत नाही. येथून चढाईपटू समोरून येताना दिसतो. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे जागा न हलवता दोन्ही संघांचे चढाईपटू मिळतात.

पहिला फ्लॅश आपल्या बाजूच्या कोपऱ्यातून तिरके मागे, सुमारे चार मीटरवर उभा करावा. दुसरा अंतरेषेच्या दुसऱ्या कोपऱ्यामागे, तेवढ्याच अंतरावर. दोन्ही साडेतीन मीटर उंच असावेत आणि त्यांची तोंडे बोनस रेषेकडे वळवावीत. मात्र प्रत्येकाचा रोख बोनस रेषेच्या आपल्यापासून दूरच्या टोकावर ठेवावा, म्हणजे जवळच्या खेळाडूवर त्याच्या झोताची फक्त कड पडेल.

येथे प्रकाशाचा एक नियम कामाला येतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). वरील मांडणीत पहिल्या फ्लॅशपासून बोनस रेषेचे जवळचे टोक साधारण सहा मीटरवर आणि दूरचे टोक तेरा मीटरवर येते. एकच फ्लॅश असता, तर रेषेच्या या टोकाला पांढरा पडलेला खेळाडू त्या टोकाला काळवंडला असता. दुसरा फ्लॅश समोरच्या कोपऱ्यातून हाच उतार उलट्या दिशेने भरून काढतो. दोघांच्या प्रकाशाची बेरीज केली, तर रेषेच्या मध्यावर आणि टोकांवर साधारण अर्ध्या स्टॉपचाच फरक उरतो, आणि तेवढा फरक संगणकावर सहज सावरता येतो. फ्लॅश मॅटला अगदी चिकटवून ठेवण्याचा मोह का टाळावा, याचेही उत्तर यातच आहे : दिवा जवळ आला की हा उतार तीव्र होतो.

तिसरा फ्लॅश चढाईपटूच्या पाठीमागून यावा. आपण डाव्या कोपऱ्यात बसलो असू, तर तो मध्यरेषेच्या पलीकडे, उजव्या बाजूला असावा. त्याचा उजेड खांद्यांवर, केसांवर आणि घामावर एक बारीक चमकती कड उमटवतो, आणि त्या कडेमुळे खेळाडू मागच्या काळ्या गर्दीतून सुटा होतो. मातीच्या मैदानावर तर या तिसऱ्या फ्लॅशचे मोल फार आहे, कारण पकड होऊन पाच-सहा जण कोसळले की उडालेली धूळ पाठीमागून उजळते आणि तिचा प्रत्येक लोट दिसतो. त्या बाजूला प्रेक्षक दाटीवाटीने बसलेले असल्यामुळे स्टँडऐवजी मांडवाच्या बल्लीला क्लॅम्पने फ्लॅश पक्का करावा, आणि क्लॅम्प सुटला तरी फ्लॅश खाली पडू नये म्हणून एक जाड सुतळी बल्लीभोवती गुंडाळून बांधावी. हा फ्लॅश आपल्या भिंगाकडे पाहत असतो; भिंगाला हूड लावावे आणि तो चौकटीबाहेर राहील अशा बेताने कॅमेरा धरावा.

प्रत्येक स्टँडच्या पायावर किमान आठ-दहा किलो वजन हवे. रिकाम्या बोरीत मैदानाजवळची रेती भरून ती स्टँडच्या खालच्या दांडीवर टेकवली तरी पुरते. पकडीच्या झटापटीत खेळाडू मॅटबाहेर दोन-तीन मीटर सहज घरंगळत जातात, आणि प्रेक्षकांतली लहान मुले तर कोठूनही धावत येतात. आयोजकांना सांगून स्टँडभोवती दोरी लावून घ्यावी आणि एखाद्या स्वयंसेवकाला तेथे उभे करावे. ही तजवीज झालेली नसेल तर स्टँड उभारूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडे कसे ठरवावेत

फ्लॅशच्या ताकदीला गाइड नंबर म्हणतात. तो आयएसओ १०० साठी मीटरमध्ये दिलेला असतो, आणि त्याला अंतराने भागले की छिद्राचा म्हणजे ॲपर्चरचा आकडा मिळतो. चांगल्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर, त्याचे डोके ५० मिलिमीटर झूमवर असताना, साधारण ४२ असतो. शक्ती १/१६ केली की तो चौथा हिस्सा, म्हणजे १०.५ होतो. आयएसओ १०० वरून १६०० केला की तो चौपट होऊन पुन्हा ४२ वर येतो. बोनस रेषेचा मध्य फ्लॅशपासून, उंची धरून, सुमारे १० मीटरवर आहे. ४२ ला १० ने भागले की एफ/४.२. असे दोन फ्लॅश एकाच जागी पडतात तेव्हा एक स्टॉप वाढतो, म्हणून एफ/५.६ च्या आसपास. अशा रीतीने घरी बसून, कागदावर, सुरुवातीचे आकडे निघतात : आयएसओ १६००, एफ/५.६, १/२०० किंवा १/२५० सेकंद, पुढचे दोन्ही फ्लॅश १/१६ वर. मागचा फ्लॅशही १/१६ वरच सुरू करावा आणि कड फिकी वाटली तर १/८ करावा.

फ्लॅशची स्वयंचलित म्हणजे टीटीएल पद्धत येथे नको. एका संघाची जर्सी पांढरी आणि दुसऱ्याची काळी असली की ती प्रत्येक छायाचित्रात प्रकाश वेगवेगळा ठरवते. फ्लॅश आणि बोनस रेषा जागच्या जागी आहेत. मग एकदा मोजलेला प्रकाश रात्रभर तसाच राहायला हवा.

मैदानावर अंधार पडल्यानंतर आणि दिवे लागल्यानंतर चाचणी घ्यावी. पहिले छायाचित्र सगळे फ्लॅश बंद ठेवून काढावे. ही चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. त्या छायाचित्रात बोनस रेषेवरचा माणूस जेमतेम, आकृतीएवढाच दिसला पाहिजे. म्हणजे मैदानाचा प्रकाश फ्लॅशपेक्षा दोन-तीन स्टॉप कमी आहे. तो स्वच्छ दिसत असेल, तर खेळताना फ्लॅशने एक ठसठशीत प्रतिमा उमटेल आणि मैदानाच्या दिव्यांनी तिच्यामागे एक फिकी, सरकलेली प्रतिमा उमटेल. मला पहिल्यांदा असे छायाचित्र मिळाले तेव्हा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते निर्दोष वाटले होते. मोठे करून पाहिले तेव्हा पायाच्या प्रत्येक बोटाला दोन कडा होत्या, एक टोकदार आणि एक धुरासारखी. अशा वेळी आयएसओ ८०० करावा आणि फ्लॅश १/८ वर न्यावेत. मैदानाचा प्रकाश एक स्टॉप खाली जातो आणि फ्लॅशचा कायम राहतो. आयएसओ तसाच ठेवून छिद्र एफ/८ करून फ्लॅश वाढवले तरी परिणाम तोच मिळतो. उलट, पहिले छायाचित्र ठार काळे आले तर प्रेक्षक आणि मांडव दोन्ही हरवतील; तेव्हा आयएसओ वाढवून फ्लॅश तितकेच कमी करावेत.

यानंतर फक्त पहिला फ्लॅश लावून, मग फक्त दुसरा, मग फक्त तिसरा अशी स्वतंत्र छायाचित्रे काढावीत. एखाद्या राखीव खेळाडूला किंवा स्वयंसेवकाला बोनस रेषेच्या दोन्ही टोकांवर आणि मध्यावर उभे राहण्याची विनंती करावी. तिन्ही एकदम लावून चाचणी घेतली, तर कोणता फ्लॅश चुकतो आहे हे कळत नाही.

रंगाचा प्रश्न थोडक्यात. मैदानावर पांढरे एलईडी असतील तर काही करण्याची गरज नाही. जुने पिवळे सोडियमचे दिवे असतील तर प्रत्येक फ्लॅशवर नारिंगी जिलेटीन कागद लावावा आणि कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स (दिव्यांच्या रंगाशी जुळवून घेण्याची सोय) टंगस्टनवर आणावे, म्हणजे पार्श्वभूमी फार भगवी होणार नाही. गडद नारिंगी जिलेटीन सुमारे दोन तृतीयांश स्टॉप प्रकाश खाते, हे हिशेबात धरावे.

सामना सुरू झाल्यावर

फ्लॅश सलग दहा-बारा वेळा उडवण्यासाठी नसतात. १/१६ वर लागोपाठ तीन-चार छायाचित्रे मिळतात. त्यानंतर क्षणभर थांबावे लागते, नाही तर पुढची छायाचित्रे काळी येतात. त्यामुळे क्षण निवडता आला पाहिजे, आणि कबड्डीत तो निवडता येतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर चढाईपटू बोनससाठी येण्याची शक्यता असते. बोनस मिळण्यासाठी एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. तो हवेतला पाय हेच आपले छायाचित्र. बोनस रेषेवर आधीच फोकस लावून ठेवावा. ७० मिलिमीटरचे भिंग, पूर्ण आकाराचा सेन्सर, एफ/५.६ आणि सहा मीटर अंतर असताना साधारण पाचपासून साडेसात मीटरपर्यंतचा भाग स्पष्ट येतो, म्हणजे चढाईपटू थोडा पुढेमागे झाला तरी निभावते. अंधारात फोकस शोधत बसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा ही रीत मला अधिक भरवशाची वाटली आहे.

बचावपटूंचे हात पाहत राहावे. कोपऱ्यातला खेळाडू साखळीतला हात सोडून गुडघ्यात वाकला की पुढच्या क्षणी तो घोट्याकडे झेपावतो. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते आणि एकाआड एक चढाई आपल्यापासून दूरच्या अर्ध्यात होते. तेवढा वेळ फ्लॅशना दम घ्यायला मिळतो. दर पाच-सहा चढायांनंतर एक छायाचित्र पूर्ण मोठे करून पायाची बोटे आणि डोळ्यांच्या कडा तपासाव्यात. एका बाजूचा चेहरा अचानक काळा येऊ लागला, तर त्या बाजूचे सेल संपत आलेले असतात. सामन्याच्या मध्यंतरातच ते बदलून घ्यावेत.

डिसेंबर-जानेवारीत रात्री दहानंतर नागपुरात गारठा उतरतो आणि मोकळ्या मैदानावर दव पडू लागते. प्रत्येक फ्लॅशवर प्लास्टिकची पातळ पिशवी सैलसर बांधावी, मात्र पुढचा काचेसारखा भाग उघडा ठेवावा, कारण उष्णतेने प्लास्टिक त्याला चिकटते. भिंग पुसायला मऊ सुती कापड खिशात असावे.

अंतिम सामना संपला की आधी मागच्या बल्लीवरचा फ्लॅश उतरवावा, कारण मांडववाले लगेच बल्ल्या काढायला घेतात. सगळ्या फ्लॅशमधले सेल काढून ठेवावेत. घरी गेल्यावर बॅग लगेच उघडू नये. थंड भिंगावर घरातल्या उबदार हवेतली वाफ साचते, म्हणून ती रात्रभर बंदच राहू द्यावी आणि सकाळी उघडून सेल चार्जिंगला लावावेत.